‘दमी-मोंद’ म्हणजे वेश्या?

प्रश्न असा आला आहे: एका जुन्या फ्रेंच कादंबरीचा मराठी अनुवाद करताना ‘दमी-मोंद’मधली बाई भेटली. कोशात अर्थ ‘वेश्यावर्ग’ असा दिलाय. तोच घ्यावा का?

सरसकट नको. हा शब्द रूढ केला तो फ्रेंच नाटककार धाकट्या अलेक्झांडर द्युमाच्या १८५५च्या ‘ल दमी-मोंद’ या नाटकाने, आणि त्याला वेश्या अभिप्रेतच नव्हत्या. त्याची स्वतःची व्याख्या आहे: कुलीन बायकांपासून या बायकांना वेगळं करते ती चव्हाट्यावर आलेली बदनामी, आणि गणिकांपासून वेगळं करतो तो पैसा. गंमत म्हणजे या हिशेबाने त्याच्याच ‘कॅमेलियावाली’ या कादंबरीची गाजलेली नायिका मार्गरित दमी-मोंदमध्ये बसत नाही. ती उघड उघड पैसेवाल्यांनी ठेवलेली.

नाटकातला एक प्रसंग अर्थ नेमका दाखवतो. अशाच एका बाईच्या दिवाणखान्यात एक पात्र मित्राला म्हणतं, फळवाल्याकडे उत्तम पीच मागितलीस तर तो मध्ये पानं घालून सुटी सुटी ठेवलेली महागडी फळं दाखवील. शेजारच्या टोपलीतली तितकीच टपोरी, पण जरा खेटून मांडलेली, पंधरा सूला (सू हे फ्रेंच नाणं). स्वस्त का? फळ हलकेच उलटं केलं की खाली बारीकसा काळा ठिपका. ‘तू आत्ता पंधरा सूच्या टोपलीत आहेस.’ आपले आंबेवाले अशा मालाला ‘डागी’ म्हणतात. इतका चपखल शब्द द्युमालाही मिळाला नसेल!

एवढ्या बायका या टोपलीत पडायच्या कशा, तर कायद्याने. फ्रान्समध्ये १८१६ पासून १८८४ पर्यंत घटस्फोटच नव्हता. नवऱ्यापासून वेगळं राहता येई, दुसरं लग्न करता येत नसे. व्यभिचाराबद्दल बायकोला तीन महिने ते दोन वर्षं कैद; नवऱ्याला नुसता दंड, तोही राहत्या घरात दुसरी बाई आणून ठेवली तरच.

आता मराठीचं. ‘दमी’ म्हणजे अर्धं आणि ‘मोंद’ म्हणजे जग खरं, पण ‘जग काय म्हणेल’मधलं जग. म्हणून ‘अर्धं जग’ लिहिलंत तर वाचकाला महिला दिनाचा लेख आठवेल. ‘अंगवस्त्र’ पुरुषाच्या बाजूने बोलतं आणि पुन्हा पैशाकडे नेतं. ‘वाळीत टाकलेली’ फार कडक, कारण हिच्या दिवाणखान्यात प्रतिष्ठित पुरुषांचा राबता असतो. त्यांच्या बायका तेवढ्या येत नाहीत. मला ‘निम’ हा फारसी उपसर्ग जवळचा वाटतो. निमसरकारी, निमशहरी, तसं ‘निमप्रतिष्ठित’. थोडं कचेरीतलं वाटतं, मान्य.

पुढे अर्थ घसरला आणि श्रीमंतांच्या गणिकांनाही हाच शब्द चिकटला. कोशातला अर्थ तिथला. तेव्हा तुमच्या कादंबरीतली बाई घरभाडं कुणाच्या पैशाने भरते, ते आधी बघा. स्वतःच्या भरत असेल तर ‘वेश्या’ खोडा.