निवडणुकीनंतर देश पेटलाय आणि आपण तिथे परदेशी आहोत. थांबावं की निघावं?

मतदानाचा दिवस बऱ्याचदा शांत जातो, खरा धोका निकालाच्या आसपास असतो. केनियात २७ डिसेंबर २००७ला मतदान झालं, ३० तारखेला निकाल लागला आणि भडका उडाला. समझोता व्हायला २८ फेब्रुवारी उजाडला. म्हणजे दोन महिने! दोन दिवसांचं दूध-ब्रेड भरून भागत नाही.

विमानतळाचा रस्ता उघडा असेल आणि मुलंबाळं सोबत असतील, तर मी निघायच्या बाजूने आहे. थांबणार असाल तर आधी रोख रक्कम काढून ठेवा. युगांडात जानेवारी २०२१च्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी इंटरनेट बंद झालं, ते साधारण पाच दिवस. अशा वेळी फोनवरचे पैसे आणि नकाशा दोन्ही बिनकामाचे. दूतावासाचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा (हो, कागदावरच), तिथे नावही नोंदवून ठेवा.

शेजारी विचारतीलच, "तुमचं मत कुणाला?" हसून म्हणा, "मला मतच नाही." खरंच आहे ते. मोर्चाचं शूटिंग गच्चीवरूनसुद्धा करू नका. पोलिसांना आणि जमावाला, दोघांनाही ते खटकतं. कपड्यांचा रंगही एखाद्या पक्षाचा नाही ना, तेवढं बघा.

आणि समजा ताब्यात घेतलंच, तर वाद घालू नका. वकिलातींच्या कामाबद्दल देशादेशांत झालेल्या १९६३च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६नुसार तुमच्या वकिलातीला कळवा असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. तेवढंच शांतपणे, पुन्हापुन्हा सांगत राहा.