शेजारी कोण होतं ते लिही

प्रिय,

तुझ्या त्या व्हिडिओ गेमवरच्या लेखाचे दोन्ही मसुदे वाचले. पहिल्यात तुझा नवरा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता मान वर करतो आणि म्हणतो, "त्या पुतळ्याची सावली उलट्या बाजूला पडलीये." दुसऱ्यात तो नाहीच. कोडं एकटीनेच सोडवलंस. सोबतच्या चिठ्ठीत विचारलंयस की त्याला ठेवलं तर लिखाण त्याचंच आहे असं लोक धरतील का.

पहिला मसुदा ठेव. शेजारी कोण होतं ते लिही.

हे मी सहज सांगत नाही. गेम्सवर लिहायला लागल्यापासून कितीतरी वर्षं मी माझ्या नवऱ्याला प्रत्येक लेखातून निवडून बाहेर काढलं. कारण होतं. माझा पहिला लेख वाचून ओळखीतल्या एका गृहस्थांनी माझ्यासमोर त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "छान लिहून दिलंत हं वहिनींना." त्या दिवशी ठरवलं, आता फक्त मी. मी खेळले, मी हरले, मला सुचलं. त्या हट्टाची मला आजही लाज वाटत नाही. तो धरला नसता तर माझं लिखाण माझं म्हणून कुणी वाचलंच नसतं. तुझी भीती खोटी नाही, हे मला कुणी सांगायला नको.

पण त्याची किंमत ऐक. माझा नवरा चौकटीच्या वहीत गेमचे नकाशे काढायचा. कुठलं दार बंद राहिलं, कुठल्या खोलीत परत जायचंय, सगळं बारीक अक्षरात. 2011 साली 'पोर्टल 2' हा कोड्यांचा गेम आला तेव्हा त्यातला दोघांचा भाग आम्ही रात्री जेवणं, भांडी आवरल्यावर खेळायचो. त्यात आपण दोन यंत्रमानव असतो आणि त्यांना बोलता येत नाही. भिंतीवर खूण करून जोडीदाराला जागा दाखवायची, एकाच क्षणी काही करायचं असेल तर पडद्यावर तीन-दोन-एक अशी मोजणी लावायची. ती मोजणी आमच्या घरात कायमची राहिली. चादर ताणताना, कपाट सरकवताना तो अजून "तीन, दोन, एक" म्हणतो. आणि मी परीक्षणात काय लिहिलं? कोड्यांची चढण, वेगाचा वापर, आणि 'सहखेळाडूशी समन्वय साधावा लागतो.' सहखेळाडू! त्याने ते वाचलं, "बरं आहे," म्हणाला आणि वही कपाटात ठेवून दिली. पुढची दोन वर्षं तो माझ्या शेजारी बसला नाही. विचारलं की सांगायचा, काम आहे. मीही ते खरं मानून घेतलं, कारण मला ते सोयीचं होतं.

तुला वाटतं की शेजारचा माणूस आला की लेख घरगुती होतो. अगं, होऊ दे ना! अक्षरं पलंगावरून वाचता येतात का, हे कुणीतरी मागे टेकून बसल्याशिवाय तुला कळणार आहे का? एका सेव्हपासून, म्हणजे खेळ जतन करता येतो त्या जागेपासून, दुसऱ्यापर्यंत किती वेळ जातो हे 'चल ना झोपायला' अशी हाक आल्यावरच कळतं. ऑनलाइन सामना पॉज करता येत नाही, ही ओळ सगळे लिहितात. त्यामुळे दार उघडायला दर वेळी दुसऱ्यालाच उठावं लागतं, हे कुणी लिहीत नाही. खेळ कसा आहे याचंच हे उत्तर आहे. शेजारी कोण होतं ते लिहिलं की ते आपोआप येतं.

गेम करणाऱ्या दोन जोडप्यांची गोष्ट सांगते. विल क्राउदर आणि पॅट्रिशिया क्राउदर हे नवरा-बायको, दोघंही गुहा धुंडाळणारे. 1972 साली अमेरिकेतल्या केंटकीत फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या गुहा आतून जोडलेल्या आहेत हे ज्या तुकडीने शोधलं, तिच्यात पॅट्रिशिया होत्या. पुढे दोघं वेगळे झाले आणि विलने मुलींना खेळता यावा म्हणून त्याच गुहांवर शब्दांनी खेळायचा एक गेम लिहिला, 'कोलोसल केव्ह अॅडव्हेंचर'. त्या भुयारांतून खेळणारा एकटाच फिरतो. मला तो गेम आवडतो, आणि दर वेळी त्या एकटेपणापाशी मी अडते.

त्याच गेमने रॉबर्टा विल्यम्स या अमेरिकन बाई झपाटल्या. त्यातून 1980 साली त्यांनी आणि त्यांचे यजमान केन यांनी अॅपल टू संगणकासाठी 'मिस्टरी हाऊस' हा गेम केला. गोष्ट आणि चित्रं रॉबर्टांची, प्रोग्रॅमिंग केनचं. कुणी काय केलं हे इतकं स्वच्छ सांगितलेलं आहे, म्हणून कुणाचंच काही कमी झालेलं नाही. माझी चूक इथेच झाली. माझ्या नवऱ्याच्या वाट्याचं मोजून त्याला दिलं असतं तर माझं माझ्याकडे अधिक ठळक राहिलं असतं. मी त्याला पुसत बसले.

आता रागावते, ऐकून घे. 'आमचे अहो' छापाचं लाडिक काही लिहू नकोस, तुझा नवरा लेखाची सजावट नाही. त्याला आधी वाचायला दे, आणि तो नको म्हणाला ते काढ. भांडण झालं असेल आणि ते त्या लेव्हलमुळे झालं असेल, तर ती लेव्हल कशी रचली आहे ते सांग. बाकीचं भांडण तुमचं. आणि दिवस मावळायच्या आत टिपून ठेव. दोन आठवड्यांनी तुला फक्त गेम आठवेल, घड्या आठवणार नाहीत.

पहिल्या मसुद्यात एकच दुरुस्ती आहे. सावली त्याला दिसली, पण ती उलटी पडण्याचा अर्थ आरसा आहे हे तुला कळलं. मधली ती पाच मिनिटं तू एका वाक्यात गुंडाळलीस. तिथे थांब. तू काय काय करून पाहिलंस, तो काय म्हणाला, तू त्याला गप्प का केलंस, सगळं लिही. रविवारपर्यंत पाठव. आमच्याकडे वही पुन्हा बाहेर आली आहे आणि तिची शेवटची तीनच पानं उरलीत, त्यामुळे शनिवारी मी नवी आणायला जाईन, फोन उचलणार नाही.

तुझी,
ताई