दुसऱ्या सत्रासाठी नऊ चौकोन

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कोकणातून थेट गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नेमणूक, पहिली ते पाचवी मिळून शिक्षक दोन, त्यातली एक तू. दिवाळीनंतरचं सत्र कसं जाईल याची तुला धास्ती आहे. पत्राच्या शेवटी लिहिलंस की विणकाम शिकायचंय, या थंडीत एक स्वेटर काढीन म्हणते. धास्तीचं उत्तर माझ्याकडे नाही, स्वेटरचं आहे: काढू नकोस. निदान या वर्षी नको.

शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, तेही तयारी धरून. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, मुलांच्या मूल्यमापनाच्या आकारिक नोंदी आणि आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद त्या तासांत कशी बसवायची, हे तुझं तुलाच शोधावं लागेल. तुझ्या हातात सलग तास येणार नाही. येतील ती दहा-पंधरा मिनिटं, आणि तीही कधी हे आधी कळणार नाही. स्वेटरला मोजमाप लागतं, बगलेशी टाके घटवावे लागतात, दोन बाह्या सारख्या याव्या लागतात. चार दिवस हात लागला नाही तर कुठवर आलो होतो हेच आठवत नाही. मग तो पिशवीत जातो, आणि पिशवी दिसली की अपराधी वाटायला लागतं. विरंगुळ्याचं ओझं होतं ते असं. म्हणून वस्तू अशी निवड, की कुठल्याही ओळीला खाली ठेवली आणि आठवड्यानं उचलली तरी काही बिघडू नये.

कोपऱ्यातून सुरू होणारा चौकोन हे काम चोख करतो. असे नऊ जोडले की शाळेतल्या खुर्चीवर टाकायला आसन होतं. जानेवारीत गोंदियाचा पारा दहाच्या खाली उतरतो. सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीवर पहिल्यांदा बसशील तेव्हा हे का सुचवलं ते कळेल.

आता सामान. सुया आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटर जाडीच्या, आणि लांबीला दहा इंचाच्याच घे. चौदा इंची सुया खुर्चीच्या हाताला अडकतात. आपल्याकडच्या दुकानात नंबर वाढला की सुई बारीक होते, दहा नंबर सव्वातीन मिलिमीटर, बारा नंबर पावणेतीन. अमेरिकन व्हिडिओ पाहून शिकणार असशील तर सांभाळ, त्यांची आठ नंबर सुई पाच मिलिमीटरची असते. म्हणून नंबरापेक्षा मिलिमीटर बघ. बांबूच्या मिळाल्या तर त्याच घे. त्यांच्यावरून टाके घसरत नाहीत आणि नव्या हाताला तेवढी पकड लागतेच.

लोकर घेताना वेष्टनावर चार मिलिमीटर सुई छापलेली असेल ती घे. एका चौकोनाला साधारण १२ ग्रॅम लागते, म्हणजे नऊ चौकोनांना ५० ग्रॅमच्या दोन गुंड्या थोड्या कमीच पडतात. तीन आण, जोडायलाही होईल. तिन्हींवरचा लॉट नंबर एकच असू दे. रंग एकच दिसला तरी लॉट वेगळा असेल तर जोडल्यावर फरक उठून दिसतो. काळा, जांभळा, गडद निळा घेऊ नकोस. दिवा मंद झाला की गडद रंगातले टाके दिसत नाहीत आणि संध्याकाळी वीज कशी असते हे तुला एव्हाना माहीत झालंच असेल.

बाजारात 'प्युअर वूल' म्हणून देतील, त्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवून बघ. अस्सल लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती विझते आणि राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो. आसनासाठी मी ॲक्रिलिकच सुचवीन. ते बसून दबणार, खडूनं माखणार, वरचेवर धुवावं लागणार. अस्सल लोकर गरम पाण्यात चोळली की आटून नमद्यासारखी घट्ट होते. पहिल्याच कामाला तो ताप नको.

लडी मिळाली तर गुंडा सैल गुंडाळ. ताणून गुंडाळलेला दोरा ताणलेलाच विणला जातो आणि पहिल्या धुण्यात चौकोन आक्रसतो.

सुईवर चार टाके घाल. एक ओळ सगळी सुलट, म्हणजे दोरा सुईच्या मागे ठेवून विणलेला साधा टाका. पुढच्या प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट वीण, दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आण, तो तसाच ठेवून पुढचे सगळे टाके शेवटपर्यंत सुलट. पुढे आणलेला दोरा आपोआप सुईवर आडवा पडतो, त्यानं एक टाका वाढतो आणि तिथे एक जाळीचं भोक राहतं. दर ओळीला एक टाका, असं करत चव्वेचाळीस टाके झाले की वाढवणं थांबव. तिथून घट: एक सुलट, दोन टाके एकत्र सुलट, दोरा पुढे, परत दोन टाके एकत्र, उरलेले सुलट. दर ओळीला एक टाका कमी होतो. चार उरले की बंद कर. उलट टाका यात एकदाही येत नाही. विणीला उलट-सुलट बाजू नाही, त्यामुळे 'आता कुठली बाजू' हा प्रश्न येत नाही, आणि ओळी मोजायच्या नसतात, कारण सुईवरचे टाकेच सांगतात तू कुठे आहेस. चौकोनाची बाजू सहा इंचांच्या आसपास भरेल. तुझा हात सैल किंवा घट्ट असेल तर थोडा फरक पडेल, पण नऊही चौकोन तुझ्याच हातचे, ते आपसात जुळतीलच.

पडताळा भोकांवरून घे. चारही बाजूंना वीस-वीस भोकं हवीत. एखाद्या बाजूला एकोणीस आली तर दोरा पुढे घ्यायचा एकदा राहिला. लगेच पुढच्याच ओळीत लक्षात आलं तर उसवायची गरज नाही. ज्या कडेला राहिलं तिच्यापासून दुसऱ्या आणि तिसऱ्या टाक्याच्या मध्ये जी आडवी दोरी दिसते ती डाव्या सुईवर उचल आणि पीळ न देता सुलट वीण. भोक थोडं लहान येईल, चालेल.

याच्या उलट, टाके वाढत जातात आणि का ते कळत नाही, ही नव्या हाताची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण ओळीच्या सुरुवातीला असतं. सुई फिरवल्यावर दोरा सुईवरून मागे ओढला गेला की पहिला टाका वर ताणला जातो, त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि आपण दोन्ही विणतो. ओळ सुरू करताना दोरा सुईवरून नको, सुईच्या खालून मागे ने. दुसरं कारण फाटलेला दोरा: चार पदरांपैकी दोनच सुईत आले की एकाचे दोन टाके होतात. टाका निसटला तर घाबरून ओढू नकोस. आधी त्यात सेफ्टी पिन अडकव, मग निवांत बसून क्रोशाच्या सुईनं वर घे. विणताना गुंडी संपली तर नवा दोरा ओळीच्या सुरुवातीला जोड, गाठ न मारता, चार बोटं टोक सोडून. मधेच मारलेली गाठ बसताना टोचते.

एक नियम मात्र कडक पाळ. हातातली ओळ पुरी केल्याशिवाय उठायचं नाही. मध्यात ठेवलेलं काम दुसऱ्या दिवशी उलटं उचललं जातं आणि विणीत भलतंच भोक पडतं. उठावंच लागलं, दारात पालक उभे असतील, तर परत बसल्यावर गुंडीकडे जाणारा दोरा ज्या सुईला आहे ती उजव्या हातात घे. ठेवताना दोन्ही टोकांना रबरबँड गुंडाळ, पिशवीत टाके गळत नाहीत.

दिवसाला दहा ओळी पुरेत. मध्यम लांबीच्या दहा ओळींना नव्या हाताला साधारण पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे एक चौकोन आठ दिवसांत. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू केलंस तर नऊ चौकोन प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे होतील. कुकर लावल्यापासून वाफ जिरेपर्यंतचा वेळ यासाठी उत्तम, कारण तेव्हा तशीही तू घराबाहेर पडत नाहीस. वर्गात सुया काढू नकोस, परिषदेतही नको, हात कितीही शिवशिवले तरी. आणि वह्या तपासून झाल्यावर लगेचही नको. लाल पेननं आखडलेली बोटं टाका आवळतात, आवळलेला टाका पुढच्या ओळीत सुई आत घेत नाही, मग चिडचिड होते. आधी हात धू, चहा घे.

हातात सुया नसताना काय करशील तेही सांगते, कारण आख्खं सत्र लोकरीवर निघत नाही. आठवडी बाजार चुकवू नकोस. या भागात मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव, जागोजागी आहेत आणि त्यांतले शिंगाडे पावसाळा सरल्यापासून थंडीपर्यंत बाजारात येतात. उकडलेले काळे शिंगाडे घे. कच्चे घेतलेस तर स्वच्छ धुऊन, मिठाच्या पाण्यात उकडूनच खा. काटे जपून धर आणि आडवा काप देऊन सोल. हातात पिशवी, तोंडात शिंगाडा, आणि वाटेत भेटलेली आई सांगते की पोरगं दोन दिवस का आलं नाही. गृहभेट वेगळी करावी लागत नाही. धान कापलेल्या बांध्यांतून सकाळी चाललीस तर नजर लांब ठेव. राज्यात सारस पक्षी सगळ्यांत जास्त दिसतात ते गोंदिया जिल्ह्यातच. नवेगावबांधचा तलाव जवळ आहे, थंडीत पाहुणे पक्षी तिथे उतरतात, एखादा रविवार त्यालाही दे.

आणि नाटक. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे इकडची जत्रा, भरते आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत रात्रभर चालणारी रंगभूमी आहे आणि तिची बाजारपेठ म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. पडदा उशिरा उघडतो, शेवट पहाटे होतो. फक्त शनिवारचं नाटक धर, दुपारी झोप काढ, खाली अंथरायला जाड सतरंजी आणि डोक्याला मफलर घे. उघड्यावरची थंडी कोकणातल्या माणसाला पहाटे तीनला समजते, तेव्हा उशीर झालेला असतो. गावातल्या बायकांसोबत जा. सोमवारी वर्गात पोरं संवाद म्हणून दाखवतील, भाषेच्या तासाला याहून चांगलं साहित्य मिळणं कठीण. झाडीबोलीही तिथेच कानात बसेल.

एका गोष्टीबद्दल आधीच सावध करते. आपल्या खात्यात शिक्षकानं काहीही केलं की त्याचा उपक्रम होतो, उपक्रमाचा फोटो होतो आणि फोटोचा अहवाल. मुलं मागे लागतील तर कार्यानुभवाच्या तासाला जरूर शिकव. चौथी-पाचवीच्या मुलांना बोटांवरची साखळी एका तासात येते, आणि बांबू तर तुझ्या गावातच आहे, पेन्सिलीएवढ्या काड्या पॉलिश कागदानं घासल्या की सुया तयार. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली गेली, ती याच विदर्भातली, तेव्हा वारसाही आहे. पण ते शाळेचं काम. तुझे नऊ चौकोन कुठल्या नोंदवहीत जाऊ देऊ नकोस. तेवढं एक तुझं राहू दे.

जोडताना नऊही चौकोन जमिनीवर मांड आणि तिरप्या रेघा आळीपाळीनं उलटसुलट ठेव, सगळ्या एका दिशेला राहिल्या तर आसन एका बाजूला ओढलं जातं. बोथट टोकाच्या जाड सुईत लोकर ओवून भोकाला भोक भिडवत शिव, वीसाला वीस. फार ताणू नकोस. पाठीला जुन्या चादरीचा तुकडा लाव, नाहीतर महिन्याभरात आसन पसरतं. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवायची नाही. उष्णतेनं त्याचा फुगीरपणा कायमचा जातो आणि ते लुळं पडतं. धुवायला पाच-सहा रिठे रात्री भिजव, सकाळी ते पाणी फेसाळ कर, त्यात चेपून काढ, पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि सावलीत आडवं पसर.

होळीनंतर लोकर मांडीवर घेववत नाही, त्यात उन्हाळ्यात शाळाही सकाळची होते. तेव्हा हाच चौकोन सुती दोऱ्यात वीण, स्वयंपाकघरात पुसायला किंवा गरम भांड्याखाली ठेवायला. सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, म्हणून बोटं लवकर दुखतात. दहाऐवजी सहा ओळींवर थांब. घामानं दोरा चिकटला तर हाताला थोडी पावडर लाव.

शनिवारी गोंदियाला जाणार असशील तर सुया आणि तीन गुंड्या तेवढ्या घेऊन ठेव. पहिले चार टाके घालून झाले की फोटो पाठव. ते आवळलेले दिसले तर तिथेच सांगेन, पुढे उसवायला नको.

तुझ्या
बाई