नाताळची चांदणी या वर्षी लावायची का?

आधी एक छोटा प्रश्न. नाशिकरोडच्या एका काकांनी विचारलंय की आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट बघायचे आठवडे, दरवर्षी वेगळ्या तारखेला का सुरू होतो. काका, नाताळच्या आधीचे चार रविवार धरायचे. पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रियाच्या दिवसाच्या, सगळ्यात जवळचा असतो, त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कधीही येतो. आता दुसरं पत्र, ते वाचून मी दोन दिवस नीट झोपले नाही.

प्रश्न : मावशी, सलाम. आम्ही सातपूरला राहतो. माझे मिस्टर एका कंपनीत ११ वर्षं होते, दोन वर्षांपूर्वी ती बंद पडली. तेव्हापासून कुठे सहा महिने, कुठे तीन महिने कॉन्ट्रॅक्टवर, आता तेही नाही. मी शिवणकाम करते त्यावर घर चाललंय. मागच्या आगमनकाळात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बहिणीने मला यिर्मया २९:११ चं कार्ड दिलं, त्यात देव म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, पुढची आशा देणारे आहेत. ती म्हणाली हे वचन धरून ठेव, पुढच्या नाताळच्या आत काम होईल. नाताळ परत आला, काम नाही. आता तीच म्हणते तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय. मला खरंच वाटायला लागलंय की माझ्या मनातल्या शंकेमुळेच देव थांबलाय. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये आशेची मेणबत्ती लावली तेव्हा मी मागच्या बाकावर बसून रडले. मुलगी आठ वर्षांची आहे, रोज विचारते मम्मी चांदणी कधी लावायची, मला त्या खोक्याला हातच लावावासा वाटत नाही.

उत्तर : अगं बाळ, सगळ्यात आधी ते शंकेचं डोक्यातून काढ. लूकचा पहिला अध्याय उघड. जखऱ्या याजक होता, म्हातारा झालेला, देवदूत समोर उभा राहून सांगतो की तुझी प्रार्थना ऐकली गेलीय, तुला मुलगा होईल, आणि हा माणूस म्हणतो हे मी कशावरून समजू, मी म्हातारा, बायको म्हातारी. साक्षात देवदूतापुढे शंका! त्याची वाचा गेली हे खरं, पण वचन परत घेतलं का? नाही ना. अलीशिबाला दिवस गेले, योहान झालाच. जखऱ्याच्या शंकेने देव थांबला नाही, तर मागच्या बाकावरच्या तुझ्या रडण्याने कसा थांबेल? आणि रडणं म्हणजे अविश्वास हे कुणी ठरवलं? स्तोत्र १३ असंच सुरू होतं, हे परमेश्वरा, किती काळ. ते शास्त्रात आहे, म्हणजे तुलाही म्हणायची मुभा आहे.

आता त्या कार्डाचं. त्या बहिणीचं मन वाईट नसेल, पण ११ वं वचन एकटं छापून वाटायची जी सवय लागलीय ना ती मला अजिबात पटत नाही, कारण त्याच्या वरचंच १० वं वचन वाच, तिथे ७० वर्षं लिहिलीत. ते यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहुदी लोकांना पाठवलेलं पत्र आहे, आणि तेव्हा दुसरे संदेष्टे त्यांना सांगत होते की थोड्या दिवसांत सगळं ठीक होईल. यिर्मया म्हणतो तसं नाही, वेळ लागणार आहे, तोवर घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळं खा. आशेचं वचन आहे ते, नक्कीच आहे, पण तारीख टाकलेला चेक नाही. नाताळच्या आत नोकरी हे वचन देवाने तुला दिलं नव्हतं, ते माणसाने दिलं होतं, आणि जे मोडलं ते माणसाचं मोडलं. देवाने जे दिलंय ते वेगळं आहे, मी येईन, तुला टाकणार नाही. मिस्टरांना काम मिळणारच असं मी लिहून देऊ शकत नाही, खोटं बोलून धीर देणं मला जमणार नाही.

घरं बांधा, बागा लावा हे वाचलं की मला आपलं नाशिकचं शरणपूर आठवतं. १८५० च्या दशकात ख्रिस्ती मिशनने ते वसवलं, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहायला आणली होती. घर समुद्रापलीकडे, भाषा दुसरी, परत जाऊ की नाही माहीत नाही. ती मुलं सुतारकाम, लोहारकाम शिकली. पुढे १८७५ मध्ये आफ्रिकेत मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसलं तेव्हा त्यांच्यातले बरेच जण तिकडे गेले आणि इथे शिकलेलं काम तिथे उपयोगी पडलं.

माझ्या दिरांची निफाडला द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा बाग बघवत नाही, सगळ्या काड्या कापलेल्या, नुसती खोडं आणि तारा. मग उन्हाळ्यात नवी काडी वाढते, आणि त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, दीड-दोन महिन्यांत सूक्ष्मघड, म्हणजे पुढच्या घडांची बारीक सुरुवात, तयार होतात. बाहेरून काहीच कळत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आधी दीर थोड्या काड्या घेऊन तपासायला देतात, तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एकदा मीही सोबत गेले होते, त्यांनी मला बघू दिलं, आणि त्या एवढ्याशा डोळ्यात खरंच घडासारखं काहीतरी दिसत होतं. तोंडात द्राक्ष पडायला अजून पाच-सहा महिने होते. आणि आत्ता डिसेंबरात ते काय करतायत माहितीये, निफाडच्या थंडीत पहाटे चारला उठून बागेत शेकोट्या पेटवतायत, विरळणी, फवारणी, सगळं चालू. याकोबही पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचंच उदाहरण देतो, भूमीच्या मोलवान पिकाची धीराने वाट पाहणारा. आपल्याकडे वाट बघणं म्हणजे हात जोडून बसणं असं समजतात, पण बागायतदार कधी बसलेला बघितलास का तू?

म्हणून विचारते, मिस्टरांची ग्रॅच्युइटी मिळाली का? ११ वर्षं नोकरी झालीय, तो हक्क आहे, कंपनी बंद पडली तरी. पीएफचं खातं बघितलं का? ग्रॅच्युइटी मिळाली नसेल तर लेखी अर्ज कुठे द्यायचा ते कामगार उपायुक्तांच्या ऑफिसमध्ये विचारा, पीएफचं पीएफ ऑफिसमध्ये. आणि पाळक साहेबांना तू स्वतः जाऊन सांग, नुसतं प्रार्थनेसाठी नाव देऊ नकोस, काम पाहिजे असं स्पष्ट सांग. मंडळीत वर्कशॉपवाले असतात, कॉन्ट्रॅक्टर असतात, पण आपण लाजतो आणि फक्त म्हणतो प्रार्थना करा. मिस्टरांना एकटं घरी ठेवून उपासनेला जाऊ नकोस, दोघं जा, आणि मागच्या बाकावर नको, कुणाच्या तरी शेजारी बसा.

आणि शिमोन, लूकच्या दुसऱ्या अध्यायातला, यरुशलेमचा भक्त माणूस. त्याला पवित्र आत्म्याने सांगितलं होतं की ख्रिस्ताला बघितल्याशिवाय तुला मरण येणार नाही. किती वर्षं वाट बघितली ते लिहिलेलं नाही. शेवटी मंदिरात त्याच्या हातात काय आलं, ४० दिवसांचं बाळ येशू. रोमी सरकार तसंच, हेरोद तसाच, बाळाच्या आईबापाची ऐपत कोकराची नव्हती, गरिबाचं अर्पण म्हणजे पाखरांची जोडी. त्याने एवढंसं बाळ हातात घेतलं आणि म्हणाला प्रभू, आता मला शांतीने जाऊ दे. मी दरवर्षी हे वाचते आणि दरवर्षी इथे थांबते, कारण त्याला पूर्ण काहीच दिसलं नव्हतं.

चांदणी लाव. आजच लाव, नाताळला लटकवायची म्हणून थांबू नकोस, वाट बघतानाच लावायची असते ती. खोकं मुलीलाच उघडू दे. फक्त आधी होल्डर बघून घे, पावसाळ्यात आतून गंजतात, आणि जुनी वायर कुठे उघडी पडली असेल तर मिस्टरांना सांग, ते नीट टेप लावून देतील.