क्लबमुळे मार्क कमी झाले, मुलीला काढून घेऊ का?

हा प्रश्न मला दर टर्मला कोणी ना कोणी पालक विचारतातच म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नववीतली मुलगी, सरकारी शाळा, पर्यावरण क्लबची अध्यक्ष. आई आली तीच वैतागून, "मॅडम, गणितात १४ मार्क कमी आलेत, घरी आली की नुसती पडून असते, मी तिला तो क्लब सोडायलाच लावते." मुलगी शेजारी गप्प.

मी म्हटलं आठवडाभर थांबा आणि एक वही करा, कशात किती वेळ गेला ते लिहायचं आणि पुढे एक रकाना, हे करायचं कोणी ठरवलं.

वही आली. क्लबचे ९ तास, त्यात मीटिंग जेमतेम १ तास, बाकी पोस्टर रंगवणं, अहवाल फेअर करणं, फोटो गोळा करणं आणि रात्री अकरापर्यंत ग्रुपवर रिप्लाय देत बसणं. रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला "सरांनी", म्हणजे क्लब बघणाऱ्या शिक्षकांनी. विचारलं, तू स्वतः ठरवलेली एक तरी गोष्ट सांग ना. खूप वेळाने म्हणाली, "बॅनरचा रंग." आणि रडायलाच लागली.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यातल्या खालच्या ३ म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं स्थान देणं, याला ते सहभाग मानतच नाहीत. ही मुलगी तिथेच अडकली होती, काम सगळं तिचं आणि ठरवणं दुसऱ्याचं, यात मोठी माणसंही थकतात हो. सरांना मी दोष देत नाही, त्यांच्याकडे वरून अहवाल मागतात आणि कामसू पोरगी हाताशी असली की सगळं तिच्याच गळ्यात पडतं.

मग आम्ही एकच वाक्य चार-पाचदा बोलून पाहिलं, "सर, अहवाल आम्ही चौघं वाटून घेतो, पण या टर्मला एक काम आम्हाला ठरवू द्या." सर आधी कचरले, मग हो म्हणाले. मुलांनी शाळेतले गळके नळ निवडले, खाली भांडं ठेवून तासाला किती पाणी जातं ते मोजायचं. घरी फोन रात्री ९ ला खोलीबाहेर, कारण १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि हिची जेमतेम ६ होत होती, माझ्या मते मार्कांचं निम्मं उत्तर तर तिथेच होतं.

एवढं करूनही झोप होत नसेल, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखत असेल तर खुशाल ब्रेक घ्या, फक्त ते सरांना मुलीने स्वतः सांगावं, आईने परस्पर चिठ्ठी पाठवू नये.

पुढच्या परीक्षेत १४ पैकी ८ मार्क परत आले. टर्म संपल्यावर तिने अध्यक्षपद आपणहून आठवीतल्या एका मुलाला दिलं, नळांच्या हिशोबाची वही तेवढी स्वतःकडे ठेवलीये.