गुलाबी मोरचूद? मोर कधी गुलाबी असतो का!

खानापूरच्या एका मास्तरांनी विचारलंय: बीबराइट नावाच्या कोबाल्टच्या खनिजाला वर्गात ‘गुलाबी मोरचूद’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. सल्फेटाचा कुठलाही रंगीत खडा दिसला की मोरचूद म्हणून मोकळं व्हायचं, ही खोड आता ऐकवत नाही. अथणीकडचे द्राक्षबागायतदार बोर्डोसाठी, म्हणजे बुरशीवरच्या फवारणीच्या मिश्रणासाठी, शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद नि किलोभर चुना घेतात. त्यातला एक खडा उन्हात धरून बघा, मोराची मानच!

मूळ शब्द संस्कृत ‘मयूरतुत्थ’; तुत्थ म्हणजे तांब्याचा हाच निळा खडा. आता ‘चूद’ म्हणजे चूडा, मोराचा तुरा, असं छातीठोक सांगणारे महाभाग आपल्याकडे आहेत. त्यांनी एकदा कन्नड दुकानदाराकडे मोरचूद मागावं. तो आतल्या पोऱ्याला ओरडून सांगेल, ‘मैलुतुत्त’! आता यात तुरा कुठं दिसतो? हे उघड उघड तुत्थ आहे. आणि गंमत अशी की एरवी कन्नडात मोराला ‘नविलु’ म्हणतात. इथं मात्र ‘मैलु’, तमिळमधल्या ‘मयिल’चा सख्खा भाऊ. ‘मयूर’सुद्धा दक्षिणेतूनच संस्कृतात गेला, असं माझं मत, कुणाला रुचो न रुचो. राहता राहिला ‘त’चा ‘च’. बाराव्या शतकातल्या हेमचंद्र या जैन पंडिताचं प्राकृत व्याकरण उघडा, ‘तुच्छ’चं ‘चुच्छ’ होतं. मग तुत्थाचा चूद झाला तर बिघडलं कुठं?

हां, बीबराइट. मोरचुदात तांब्याच्या सल्फेटाला पाण्याचे पाच रेणू. बीबराइटात कोबाल्टच्या सल्फेटाला सात. सात पाण्यांचा आपल्या ओळखीचा खडा म्हणजे हिराकस, लोखंडाचा. दोघांची स्फटिकरचनाही एकाच घराण्यातली. तेव्हा सोयरीक जुळवायचीच तर तिकडं जुळवा. ‘कोबाल्ट-कासीस’ म्हणा, हिराकसातला ‘कस’ तो हाच संस्कृत कासीस. नुसतं बीबराइट म्हटलंत तरी माझी हरकत नाही. जर्मनीतल्या बीबर गावावरून हायडिंगर या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञानं १८४५ साली ठेवलेलं नाव आहे, त्यात निदान खोटा मोर तरी नाही.

नमुना वर्गात फिरवणार असाल तर घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवा. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडून भुगा होतो, आणि कोबाल्ट पोरांच्या पोटात जाऊन चालणार नाही.