विहिरीचा अहवाल चांगला आला, तरी पीफासचा प्रश्न का उरतो

ताई, दाभोळ खाडीलगतच्या आपल्या वाडीतील विहिरीचे पाणी आपण तपासून घेतलेत आणि अहवालातील सगळे आकडे मर्यादेच्या आत आले. मग पीफास, म्हणजे कार्बन आणि फ्लोरिनच्या बंधांची, निसर्गात जवळजवळ न विघटणारी रसायने, बनवणाऱ्या इटलीतील बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आल्याच्या बातमीची चिंता करावी का, आणि आपल्याकडे याविषयी कायदा आहे की नाही, असे आपण विचारले आहे. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रियेत आणि तेथील प्रयोगशाळांत मी 22 वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आपला अहवाल खोटा नाही. ज्या गोष्टी तपासल्या, त्या ठीक निघाल्या, एवढेच तो सांगतो. पीफास त्यात तपासलेच जात नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस 10500 या 2012 च्या भारतीय मानकात डीडीटी, लिंडेन अशा कीटकनाशकांच्या मर्यादा आहेत, परंतु पीफासची एकही मर्यादा नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांतही ती नाही.

सांडपाण्याच्या बाबतीत सगळी भिस्त असते ती सीओडीवर, म्हणजे पाण्यातील घाणीचे रासायनिक विघटन करायला किती प्राणवायू लागतो या मापावर. या परीक्षेत नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तो 2 तास सुमारे 150 अंशांवर तापवतात. पाण्यात सेंद्रिय घाण जितकी जास्त, तितका नारिंगी रंग हिरव्याकडे झुकतो, आणि शेवटच्या टायट्रेशनमध्ये निळसर हिरवे द्रावण एका थेंबासरशी तांबूस तपकिरी होते. तो थेंब मी हजारो वेळा पाहिला आहे आणि त्यावर विश्वासही ठेवला आहे. पण पीफासमधील कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट असतो की हे उकळते आम्लही तो तोडू शकत नाही, त्यामुळे असे रसायन या परीक्षेत जवळजवळ दिसतच नाही. शिवाय प्रमाणाचा फरक पाहा. सीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. अमेरिकेने एप्रिल 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यातील पीएफओए आणि पीएफओएस या पीफास कुटुंबातील दोन रसायनांसाठी ठरवलेली मर्यादा लिटरला प्रत्येकी 4 नॅनोग्रॅम आहे, म्हणजे 100 कोटी लिटर पाण्यात 4 ग्रॅम. अनेक कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्रातील जिवाणूंनाही हा बंध तुटत नाही. तेथे येणारे पीफास एक तर गाळात बसते किंवा पाण्याबरोबर पुढे जाते.

इटलीत नेमके हेच घडले. व्हेनेतो प्रांतातील त्रिस्सिनो येथे मितेनी नावाचा कारखाना 1960 च्या दशकापासून चालू होता, आणि भूजलातील पीफास उघडकीस आले ते 2013 मध्ये. तोवर साडेतीन लाखांच्या आसपास लोक राहतात त्या भागाखालचे भूजल बाधित झाले होते. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि जून 2025 मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती लोट्याला आली, ही बातमी खरी आहे. यंत्रे आली म्हणून येथील पाणी दूषित झालेच, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला मोजमाप हवे. मला खटकते ते हेच, की ज्या रसायनांमुळे तेथे एवढे रामायण घडले, त्यांचे मोजमाप आपल्याकडे कोणत्याही नियमाने सक्तीचे नाही.

आता कायद्याविषयी. चिवट सेंद्रिय प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार भारताने 2006 मध्ये स्वीकारला, पण यादीत पुढे भर पडणारे प्रत्येक नवे रसायन आम्ही स्वतंत्रपणे मान्य केल्याशिवाय आम्हाला बंधनकारक नाही, ही अट राखून. यादीत पीएफओएस 2009 मध्ये, पीएफओए 2019 मध्ये आणि त्याच कुटुंबातील पीएफएचएक्सएस 2022 मध्ये आले. आपल्याकडे 2018 मध्ये चिवट सेंद्रिय प्रदूषकांचे नियम निघाले आणि त्यांत 7 रसायनांवर बंदी आली. क्लोरडेकोन, हेक्साब्रोमोबायफेनिल वगैरे. त्या 7 नावांत पीफास कुटुंबातील एकही नाही. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने 2023 मध्ये पीएफओए माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातले, हे लक्षात घेता ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

एकेक नाव घेऊन बंदी घालण्याची पद्धतही पुरी पडत नाही. या कुटुंबात हजारो रसायने आहेत. आठ कार्बनच्या साखळीवर बंदी आली की सहा किंवा चार कार्बनची साखळी बाजारात येते, आणि तिचे परिणाम कळेपर्यंत दहा-वीस वर्षे निघून जातात. म्हणूनच युरोपात जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या देशांनी 2023 मध्ये संपूर्ण वर्गावरच निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला, आणि तेथील पेयजलाच्या नियमातही 20 पीफासची बेरीज लिटरला 0.1 मायक्रोग्रॅमच्या आत ठेवण्याची अट आहे.

दिल्लीतून नियम येईपर्यंत मात्र हात बांधून बसण्याचे कारण नाही. 1974 च्या जल कायद्यानुसार कारखान्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र लागते, त्यात मंडळ अटी घालू शकते आणि वेळोवेळी त्या अटींचा फेरविचारही करू शकते. पर्यावरण संरक्षणाच्या नियमांनीही राज्य मंडळाला केंद्रापेक्षा कडक मर्यादा ठरवण्याची मुभा दिली आहे. तेव्हा फ्लोरिनयुक्त उत्पादने घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या संमतिपत्रात पीफासची नियमित तपासणी नावानिशी लिहून घ्यावी, अशी मागणी आजच करता येते. त्यासाठी आधी माहितीच्या अधिकारात संमतिपत्राची प्रत आणि मंजूर उत्पादनांची यादी मागवा. ग्रामसभेचा ठराव जोडलात तर अर्जाला वजन येते. खाडीतील मासळीवर जगणाऱ्या भोई आणि दालदी मंडळींना सोबत घ्या, कारण ओहोटीला खाडीचे पाणी कसे बदलते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

पाणी उकळून पीफास जात नाही, ही गोष्ट घरातल्यांना सांगून ठेवा. आरओ ते बऱ्याच अंशी अडवतो, पण त्यातून वाया म्हणून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यात ते साठते, म्हणून ते पाणी परसातल्या भाजीला घालू नका.

स्वतंत्र तपासणी करायची असेल, तर लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री एकत्र असलेली प्रयोगशाळा निवडा आणि तिची सर्वांत कमी मोजता येणारी पातळी किती नॅनोग्रॅम आहे, हे लेखी विचारा. ही पातळी 100 नॅनोग्रॅम असेल, तर ‘आढळले नाही’ या शेऱ्यावरून 4 नॅनोग्रॅमविषयी काहीच कळत नाही. बाटली पॉलिप्रॉपिलीनची घ्या, टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण नको. नमुना घेणाऱ्याने रेनकोट घालू नये, कारण पाणी न धरणाऱ्या कापडावर अनेकदा हीच रसायने लावलेली असतात. त्यामुळे हे काम पावसाळा उलटल्यावर, कोरड्या दिवशी करा; एक नमुना विहिरीचा आणि एक व्हाळ (ओढा) खाडीला मिळतो तेथला, पूर्ण ओहोटीच्या वेळी.